ग्रीनलंडचे जावई

ग्रीनलंड हा विषय आमच्या आयुष्यात घरभाड्याबरोबर आला. घर बघायला गेलो तेव्हा घरमालक काकांनी वरचा मजला दाखवला, नळ सोडून दाखवले, बाथरूमच्या खिडकीतून मान वाकडी केली तर दिसणारं मॅनहॅटन दाखवलं, आणि मग जिन्यात थांबवून माझ्या नवऱ्याला विचारलं, "ग्रीनलंडनं युरोपच्या संघातून बाहेर पडावं असं तुम्हाला वाटतं का?"

नवरा कॉम्प्युटरवाला. त्याला वाटलं, घर देण्याआधी हे गृहस्थ आपली परीक्षा घेतायत. त्यानं क्षणभर विचार केल्यासारखं केलं आणि म्हणाला, "नाही, काका. पडू नये."

काकांचा चेहरा उतरला. "का बरं पडू नये?" असं म्हणून ते जिन्याच्या पायरीवर बसले आणि ग्रीनलंडनं बाहेर का पडलंच पाहिजे ते आम्हाला सांगू लागले. आम्ही दोघं कोट घालून उभे. शेवटी नवरा म्हणाला, "पटलं, काका. पडावं." त्यावर ते आणखीनच नाराज झाले. "इतक्या लवकर पटवून घेत जाऊ नका हो," म्हणाले आणि किल्ली दिली.

ही जर्सी सिटीतली एक्क्याऐंशी सालची गोष्ट. राहायला गेल्यावर पहिल्याच रविवारी सकाळी मी चहा टाकत होते, तर हीटिंगच्या जाळीतून खालचा आवाज वर आला. काका फोनवर इंग्रजीत कडाडत होते. ग्रीनलंडनं बाहेर पडणं हा कसा शुद्ध वेडेपणा आहे, हे ते कुणाला तरी सुनावत होते. नवरा पांघरुणातून म्हणाला, "यार, हे काका नक्की कुठल्या साइडला आहेत?"

मला तोवर ग्रीनलंड म्हणजे नकाशाच्या माथ्यावरचा पांढरा पसारा, एवढंच माहीत होतं. बाकीचं काकांनी शिकवलं. ग्रीनलंड डेन्मार्कचं. डेन्मार्क युरोपच्या आर्थिक संघात गेला तेव्हा ग्रीनलंडच्या लोकांनी बहुमतानं नको म्हटलं होतं, तरी त्यांना मागोमाग जावं लागलं. लग्न थोरलीचं ठरलं आणि धाकटीलाही उचलून सासरी नेलं, असं काका म्हणायचे. आता घरचा कारभार त्यांच्या हाती आला होता, आणि संघात राहायचं की बाहेर पडायचं यावर मतदान व्हायचं होतं. बाहेर पडू म्हणणारे म्हणत, आमच्या समुद्रातले मासे आमचे, युरोपच्या मोठाल्या बोटींनी ते का न्यावेत? राहू म्हणणारे म्हणत, युरोपचा पैसा थांबला तर दवाखाने आणि शाळा कोण चालवणार? तिथे भावाभावांत अबोले झाले होते म्हणे.

आणि या माशांच्या भांडणात आमचे काका होते नागपूरचे, शुद्ध शाकाहारी. पेशानं शीतगृहांचे इंजिनिअर. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी जगाची कोळंबी गोठवली, पण तिची चव कशी असते हे त्यांना ठाऊक नव्हतं आणि जाणून घ्यायचीही इच्छा नव्हती. पेशा मात्र हाडात मुरला होता. घर इतकं थंड ठेवायचे की पाहुणे आले तर कोट काढायच्या आधी विचार करत. तक्रार केली की म्हणायचे, "गारव्यात वस्तू टिकते, बाई. उबेत नासते." आमच्या स्वयंपाकघरात आले की आधी फ्रीजच्या दाराच्या रबरावरून बोट फिरवायचे. रबर सैल लागलं तर दुसऱ्या दिवशी नवीन बसवून द्यायचे, आणि त्या कामात ग्रीनलंडवर तासभर बोलायचे. आम्ही दोघांनी ठरवून टाकलं होतं की फ्रीजचं काही बिघडलं तर सांगायचंच नाही.

घरात, दारात, दुकानात, सगळीकडे त्यांच्या डोक्याला तपकिरी माकडटोपी. तिचा डावा कान खाली ओढलेला आणि उजवा वर दुमडलेला. मला वाटायचं फोनसाठी. त्यांच्याकडे बैठकीच्या खोलीत लग्नाचा फोटो लावलेला होता, तो बघितल्यावर खरं कारण कळलं.

लग्न कोपनहेगनला झालं होतं. काका तिथे शिकायला गेलेले. काकू तिथल्या इस्पितळात नर्स, पण जन्मलेली आणि वाढलेली ग्रीनलंडच्या एका लहानशा गावात, कारण वडील तिथे शाळामास्तर. लग्नाला काकांच्या बाजूनं चिटपाखरू नव्हतं. काकूकडून एक भाऊ आला होता, ग्रीनलंडलाच मासेमारीच्या बोटीवर काम करणारा. कचेरीत सह्या झाल्या, सगळे बाहेर आले, आणि काकांना एकदम भरून आलं की आपलं लग्न असं कसं, अक्षता नाहीत, मंगलाष्टकं नाहीत, काहीच नाही. मग त्यांनी नव्या मेहुण्याला बाजूला घेऊन सांगितलं, आमच्याकडे नवरीचा भाऊ नवऱ्या मुलाचा कान पिळतो. माझ्या बहिणीला नीट सांभाळ, नाही तर बघ, असा त्याचा अर्थ. त्याबद्दल त्याला मानाचं वस्त्र मिळतं. तेवढं तरी कर. मेहुण्यानं जाळी ओढणाऱ्या हातांनी ते मन लावून केलं. फोटोत काकू हसतेय, मेहुण्याच्या गळ्यात मानाचं वस्त्र म्हणून काकांचा मफलर आहे, आणि काळ्या-पांढऱ्या फोटोतसुद्धा काकांचा उजवा कान डाव्यापेक्षा गडद आला आहे.

"तेव्हापासून टोपीखाली जात नाही तो," काका म्हणायचे. "दुखतो."

रविवारी फोनवर बाहेर पडू म्हणून काकांशी भांडायचा तो हाच. त्याला ते तोंडावरही मेहुणाच म्हणत. त्या बिचाऱ्याला ती काही मोठी पदवी वाटायची. एकदा काका बाजारात गेले असताना त्यांचा फोन मी घेतला, तर पलीकडून घोगरा आवाज इंग्रजीत म्हणाला, "मेहुणा बोलतोय." मी नकळत डोक्यावर पदर घ्यायला हात वर नेला. अंगात स्वेटर होता.

काकूला मी पाहिलेलं नाही. आम्ही राहायला गेलो त्याच्या आदल्या वर्षी ती गेली होती. तळघरात एक आडवा फ्रीझर होता, त्यात मेहुण्यानं दर नाताळला पाठवलेले वाळवलेल्या माशांचे पुडे होते. ती गेल्यानंतरही नाताळला पुडा आला होता. खाणारं कुणी नव्हतं. काका तो फ्रीझर महिन्यातून एकदा रिकामा करून, पुसून, पुडे पुन्हा होते तसे रचून ठेवत. मी एकदा विचारलं, "काका, टाकून का देत नाही?" ते म्हणाले, "नासले नाहीत. नासले की टाकू." त्यांच्या फ्रीझरमध्ये काही नासणं शक्यच नव्हतं.

ग्रीनलंड सगळ्यात गाजलं ते मराठी मंडळात. गणेशोत्सवात काकांना आभारप्रदर्शनाचं काम दिलं होतं, कारण त्यात धोका नाही असं कमिटीला वाटलं. काकांनी हॉलवाल्यांचे आभार मानले, मोदकवाल्या भगिनींचे मानले, पार्किंग सांभाळणाऱ्यांचे मानले, आणि त्याच दमात म्हणाले, "आता मुद्द्यावर येतो." त्यानंतर श्रोत्यांनी उत्तर अटलांटिकमधल्या माशांवर जे ऐकलं ते कुठल्याही मंडळानं ऐकलं नसेल. मुलं "मॉम, आर वी गोइंग?" म्हणून कुरकुरायला लागली. शेवटी मागून एकजण उठला. "काका, सॉरी हां, पण आपला काय संबंध? आपण जर्सीत, तुम्ही नागपूरचे, आणि ग्रीनलंड कुठच्या कुठे."

"माझ्या बायकोचं माहेर आहे ते," काका म्हणाले.

हॉलमध्ये हशा पिकला. त्या दिवसापासून मंडळात त्यांचं नाव पडलं, ग्रीनलंडचे जावई. मीही हसले होते. वाक्यात हसण्यासारखं होतंच. फक्त पुढच्या रांगेतली, दातांची डॉक्टर म्हणून जिला आम्ही डेंटिस्ट काकू म्हणायचो, ती हसली नाही, कारण ती त्या वेळी मोदकांचे डबे मोजत होती.

ब्याऐंशीच्या फेब्रुवारीत मतदान झालं. निकाल इथल्या पेपरात आतल्या पानावर कुठेतरी चार ओळींत आला. थोडक्या फरकानं बाहेर पडू म्हणणारे जिंकले. म्हणजे मेहुणा जिंकला आणि काका हरले.

डेंटिस्ट काकूचा मला फोन आला. मूळची पुण्याची, स्वभावानं खट्याळ. म्हणाली, "अगं, जावयांची सासुरवाडी गेली. आपण भेटायला जायला नको?" थट्टाच होती. म्हणाली, "मी पिठलं-भात करून आणते. दुःखाच्या घरी चूल पेटत नाही." मला पण गंमत वाटली. ती, तिचे यजमान, मी आणि माझा नवरा असे चौघं काकांच्या दाराशी उभे राहिलो. डेंटिस्ट काकूच्या हातात फडक्यात बांधलेलं पातेलं. जिन्यात आमचं हसू आवरत नव्हतं.

काकांनी दार उघडलं. डेंटिस्ट काकू खास आवाज काढून म्हणाली, "काका, कळलं हो. फार वाईट झालं."

काका आमच्याकडे बघत राहिले. मग पातेल्याकडे. ते काय आहे हे त्यांनी झाकण न उघडताच ओळखलं असावं. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली. मी त्यांना टोपीशिवाय प्रथमच पाहत होते. केस अगदी विरळ झाले होते. बाजूला सरून ते म्हणाले, "या. बसा."

आम्ही बसलो. काकांनी खुर्ची ओढली, पण बसले नाहीत. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "ती गेली तेव्हा कुणी आलं नव्हतं."

डेंटिस्ट काकूनं पातेलं मांडीवर घेतलं.

"तुमची चूक नाही," काका म्हणाले. "चर्चमध्ये होतं सगळं. तिथे जाऊन काय करायचं असतं ते तुम्हाला माहीत नव्हतं. मला तरी कुठे माहीत होतं? मी कळवलंच नाही नीट. मेहुणा यायला निघाला होता, तर तिकडे वादळ, आठवडाभर विमान नाही. घरी आलो आणि चुलीशी उभा राहिलो. वाटलं, आपल्याकडे आज कुणीतरी पिठलं-भात आणला असता."

डेंटिस्ट काकू उठली, स्वयंपाकघरात गेली, ताट शोधून काढलं आणि वाढून आणलं. काकांच्या पुढ्यात ठेवून म्हणाली, "बसा, काका. जेवा आधी." आता आवाज तिचा स्वतःचा होता.

काका जेवले. दोनदा भात घेतला. आम्ही बसून राहिलो, आणि माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं ते मी पुसलं नाही. ताट संपल्यावर ते म्हणाले, "पिठल्यात गुठळ्या होत्या." डेंटिस्ट काकू म्हणाली, "घाईत केलं हो." मग त्यांनी टोपी पुन्हा घातली, उजवा कान वर दुमडला, आणि जरा वेळानं, कुणी विचारलं नसताना म्हणाले, "आता रविवारी मेहुणा फोन कशाला करेल? भांडण संपलं. तो जिंकला."

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की काकांना कसली काळजी आहे. ग्रीनलंड राहो नाहीतर जावो, त्यांना काही फरक पडत नव्हता. त्यांना तो फोन हवा होता.

मेहुण्यानं फोन केला. बाहेर पडायचं ठरलं म्हणजे लगेच बाहेर पडता येत नाही, हे युरोपचे आमच्या काकांवर मोठेच उपकार. वाटाघाटी सुरू झाल्या. मासे कुणी किती धरायचे, युरोपनं त्याबद्दल काय द्यायचं, सगळं नव्यानं ठरायचं होतं. काका खुलले. "अजून सह्या व्हायच्यात," असं ते दारात भेटेल त्याला सांगत. पोस्टमनला, समोरच्या इटालियन न्हाव्याला, माझ्या ऑफिसच्या मैत्रिणीला. दर रविवारी नऊला फोन वाजायचा आणि जाळीतून काकांचा आवाज चढायचा. त्यात काकूचं नाव कधी आलेलं मी ऐकलं नाही. एकदाच, बोलता बोलता, ते अचानक थांबले आणि म्हणाले, "हो, तीही असंच म्हणायची." मग बराच वेळ खाली काहीच आवाज नव्हता. पण फोन ठेवल्याचाही आवाज आला नाही.

लोकांना वाटाघाटी लवकर संपाव्यात असं वाटतं. काकांना त्या लांबाव्यात असं वाटायचं. पेपरात तडजोड जवळ आल्याचं वाचलं की त्यांचं जेवण उडायचं. मतभेद वाढल्याची बातमी आली की ते आमच्यासाठी संत्री घेऊन वर यायचे.

पण सगळंच कधीतरी ठरतं, तसं हेही ठरलं. पंच्याऐंशीच्या फेब्रुवारीच्या सुरुवातीला ग्रीनलंड युरोपच्या संघातून रीतसर बाहेर पडलं. त्या दिवशी काका खाली अंगणात बर्फ ओढत होते. आमचा भाग झाला, त्यांचा झाला, तरी थांबेनात. शेजाऱ्याचाही काढून दिला. शेजाऱ्याशी त्यांचं पटत नसे.

त्यानंतरच्या रविवारी नऊ वाजले. फोन वाजला नाही. साडेनऊला काका वर आले. "तुमची लाइन चालू आहे का बघतो," म्हणाले, आणि आमचा रिसीव्हर उचलून कानाला लावला. चालू होती. त्यांनी तो जपून खाली ठेवला आणि आमच्या टेबलाशी बसले. मी चहा दिला. तो त्यांनी बशीत ओतला आणि प्यायचा विसरले.

"तुम्हीच करा ना फोन," मी म्हटलं.

"करू, पण बोलू काय?"

"बरा आहेस का, विचारा."

"असं कुठे असतं का, बाई?" ते म्हणाले. "ती होती तेव्हा विषय लागत नसे. ती बोलायची, आम्ही दोघं दोन टोकांना ऐकायचो. ती गेल्यावरच्या पहिल्या रविवारी त्यानं सवयीनं फोन केला. मी उचलला. तो गप्प, मी गप्प. आता हा ठेवणार आणि पुन्हा करणार नाही, असं मला वाटलं. माझ्याकडे तिचं माणूस म्हणावं असं दुसरं कोण आहे? मग तो म्हणाला, इथे आता बाहेर पडायचं बोलतायत लोक. मी म्हटलं, मूर्ख आहात. झालं, तिथून सुरू झालं." त्यांनी बशी जरा दूर सरकवली. "आता ते बाहेर पडले. मी हरलो. हरलेल्या माणसाला दर रविवारी कोण फोन करतो?"

माझा नवरा म्हणाला, "काका, मीच भांडतो तुमच्याशी. बोला, कुठला विषय?" त्याचा हेतू चांगला होता.

"तुम्हाला लगेच पटतं," काका म्हणाले.

काकांनी टोपी काढून मांडीवर ठेवली होती आणि तिच्या लोकरीतून निघालेला एक धागा ते बोटाला गुंडाळत होते. दहा वाजून गेले. तेवढ्यात जाळीतून खालचा फोन ऐकू आला.

काका उठले ते खुर्ची पाडूनच. जिन्यावरून त्यांची पावलं धाडधाड गेली. टोपी आमच्याकडेच राहिली होती, ती घेऊन मी मागोमाग खाली गेले. दार उघडंच होतं. काका भिंतीशी उभे, रिसीव्हर कानाशी दाबलेला, आणि नुसतं ऐकत होते. मी दारातच थांबले.

"काय?" ते म्हणाले. "पुन्हा सांग."

मग त्यांची पाठ ताठ झाली.

"परत जायचं? संघात? कोण म्हणतं? तू? तू म्हणतोस?"

इतकी वर्षं बाहेर पडण्यासाठी ज्यानं गावभर भांडणं केली, त्याला बाहेर पडून पुरता आठवडाही झाला नव्हता आणि पश्चात्ताप झाला होता. मला ते काही खरं वाटलं नाही. काकांनाही वाटलं नसावं. त्यांचे डोळे भरून आले होते, पण आवाज मात्र चढत होता.

"मुळीच नाही. अजिबात परत जायचं नाही. सोडलंत ना? आता सोडलेलंच राहू द्या. तुमचे मासे तुमचे, हे मी पहिल्यापासून सांगतोय. काय? मी नाही सांगितलं? मुद्दा सोडून बोलू नकोस."

मी टोपी घेऊन उभी होते. त्यांनी मला पाहिलं, हातानं थांब अशी खूण केली आणि पुन्हा भिंतीकडे वळले. तासभर चाललं. मी वर जाऊन भाजी फोडणीला टाकून आले तरी चाललंच होतं.

शेवटी फोन ठेवून ते वळले. कपाळावर घाम आला होता, त्या गारठ्याच्या घरात.

"मेहुणा म्हणतो, चूक झाली, परत जायला हवं," ते म्हणाले. "वेडा झालाय. आता पुढच्या रविवारी बघतो त्याच्याकडे."

मी टोपी पुढे केली. त्यांनी ती घातली आणि सवयीनं उजव्या बाजूला दुमडली. इतका वेळ रिसीव्हर दाबून धरल्यानं तो कान लालबुंद झाला होता. काकांनी त्याला हात लावून पाहिला, आणि हात तिथेच ठेवून लग्नाच्या फोटोकडे बघत राहिले.

"दुखतोय," म्हणाले.